बावन्न ठोके

१

सकाळी सहा चाळीसला, आठव्या फेरीच्या वळणावर, भिंगरी पडली.

ठेच लागून पडणाऱ्या माणसाचे हात आधी पुढे येतात. भिंगरीचे आलेच नाहीत. पाय लटपटले आणि ती सरळ तोंडावर आपटली. मागून धावणारी तिची सोबतीण शिडी जागच्या जागी थांबली, कोच सर मैदान आडवं कापत धावत आले आणि दहा मिनिटांत रुग्णवाहिका ट्रॅकवर उभी राहिली.

डॉक्टरांनी सांगितलं ते कुणाच्याच मनात आलं नव्हतं. साध्या सर्दीतापाचा जंतुसंसर्ग अंगात मुरला होता, त्याने हृदयाच्या स्नायूला सूज आली होती, आणि त्यावर ही पोरगी रोज बारा-पंधरा किलोमीटर पळत होती. जीव वाचला हेच पुष्कळ. आता किमान सहा महिने धावणं बंद. पुढचं पुढे बघू. जाता जाता त्यांनी क्रीडा केंद्राच्या संचालकांना विचारलं, "हे शरीर तीन आठवडे तरी ओरडून सांगत असणार. तुमच्याकडे कुणालाच कसं ऐकू आलं नाही?"

संचालकांना तो प्रश्न फार लागला. कारण नेमकं तेच ऐकण्यासाठी केंद्राने दोन वर्षांपूर्वी सगळ्या खेळाडूंना छातीचे पट्टे दिले होते. पद्धत सोपी होती. जाग आली की पट्टा बांधायचा, तीन मिनिटं पडून राहायचं, दोन मिनिटं उभं राहायचं. पडल्यापडल्या ठोके किती आणि उभं राहिल्यावर किती, हे पट्टा परस्पर केंद्रातल्या यंत्राला कळवायचा. ठोके नेहमीसारखे असले तर दालनातल्या पडद्यावर त्या खेळाडूच्या नावापुढे हिरवा गोल यायचा, म्हणजे पूर्ण सराव. थोडे चढले असले तर पिवळा, म्हणजे अर्धा. फारच चढले तर लाल, म्हणजे त्या दिवशी मुकाट्याने आराम.

तीन आठवडे भिंगरीचा गोल हिरवा होता. दोन दिवस सोडले, तर रोज हिरवा.

निवड चाचणी दहा दिवसांवर होती. लांब पल्ल्यासाठी जागा एकच, आणि दावेदार दोघी, भिंगरी आणि शिडी. त्यामुळे दुपारपर्यंत केंद्रात दोन तट पडले. कुणी म्हणे, सरांनी आपलं घोडं पुढे दामटायला आकडे रंगवले. कुणी म्हणे, शिडीनेच कुणाला तरी हाताशी धरून काटा काढला. चौकशी समिती चार दिवसांनी बसणार होती. तोवर सरांनी मैदानात पाऊल टाकू नये, असं पत्र त्यांच्या हाती पडलं. बावीस वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं.

संध्याकाळी संचालकांनी आपल्या धाकट्या मावशीला फोन केला.

२

मावशीला सगळं गाव आलेखबाई म्हणे. चौतीस वर्षं त्यांनी एका मोठ्या रुग्णालयात हृदयाचे आलेख काढले होते. गुंडाळीतून निघणारी ती बारीक चौकटींची पट्टी बोटांतून सरकवत त्या म्हणायच्या, हा माणूस काल झोपला नाही, किंवा ह्या बाईला आत नेल्याशिवाय हलू नका. डॉक्टर मंडळी आधी हसायची आणि मग ऐकायची. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी एक सवय सुटली नव्हती. कुणाशी बोलायला बसल्या की त्यांचा हात आपसूक समोरच्याच्या मनगटावर जायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या केंद्रात आल्या. भाच्याने पडद्यावरचे हिरवे गोल दाखवायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी त्याला थांबवलं.

"रंग नकोत रे मला. ठोके दाखव."

ठोके यंत्रवाल्याकडे होते. पन्नाशीचा, मानी माणूस. कालपासून जो तो आपल्याकडे संशयाने बघतोय म्हणून आधीच धुमसत होता. त्याने आकडे काढून दिले. तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत भिंगरीचे पडल्यापडल्या पन्नास आणि उभं राहिल्यावर एकोणसत्तर, एखाददुसरा इकडेतिकडे. त्यानंतर ते दोन दिवस सोडून रोज बावन्न आणि अठ्ठावन्न. बावन्न, एक्कावन्न, पुन्हा बावन्न. यंत्राच्या हिशेबी उभं राहून ठोके कमी चढले म्हणजे शरीर उलट ताजंतवानं. म्हणून हिरवा.

हे आकडे कुणाला बदलता येतील का, असं बाईंनी विचारलं. येतील, तो म्हणाला, आणि पासवर्ड केवळ आपल्याकडे आहे हेही त्यानेच सांगून टाकलं. मग आवाज चढवून म्हणाला, सरळ चोर म्हणा की. बाईंनी ते कानाआड केलं. त्यांना वेगळंच हवं होतं. पट्टा एकूण ठोके मोजतो, पण दोन ठोक्यांमधलं अंतर कुठे साठवतो का?

तो जरा निवळला. साठवतो, म्हणाला, पण दोन वर्षांत कुणी ते उघडूनही पाहिलेलं नाही. कोण बघणार, हजारो आकडे असतात.

"छापून द्या," बाई म्हणाल्या. "दोन महिन्यांचे."

सत्तर पानं निघाली. बाई खिडकीपाशी बसल्या, चष्मा बदलला, हातात पेन्सिल घेतली. तासाभराने भाचा चहा घेऊन आला तेव्हा पानांवर जागोजागी बारीक खुणा झाल्या होत्या.

"यंत्रवाल्याला सोड," त्या म्हणाल्या. "ह्या आकड्यांना कुणी हात लावलेला नाही. हे खऱ्याखुऱ्या हृदयाचे ठोके आहेत."

भाच्याचा चेहरा उतरला. मग पडली कशी ती?

"ठोके खरे आहेत," बाई म्हणाल्या. "पण त्या मुलीचे नाहीत."

३

त्यांनी त्याला समजावून सांगितलं. तरुण, कसलेलं हृदय घड्याळासारखं कधीच चालत नाही. श्वास आत घेतला की ठोके थोडे जवळ येतात, सोडला की लांब जातात. भिंगरीच्या जुन्या पानांवर ही लाट स्पष्ट होती, अंतरं वाढत होती, घटत होती. तीन आठवड्यांपासूनच्या पानांवर लाट नव्हती. अंतरं पट्टीने आखल्यासारखी सारखी. आणि मध्येच, दीडदोनशे ठोक्यांनंतर, एक ठोका घाईने आधीच आलेला आणि त्यामागे मोठी खोळंबलेली जागा. असा चुकार ठोका पुष्कळांना असतो, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पण जुन्या सगळ्या पानांवर भिंगरीला तो एकदाही नव्हता. खोटे आकडे लिहिणारा माणूस इतके कष्ट घेत नाही.

आणखी दोन गोष्टी होत्या. आधी पट्ट्याची वेळ पाच दहा, पाच पंधरा अशी असायची. नंतर रोज चार पस्तीस. आणि ते दोन सुटे दिवस. त्या दोन्ही दिवशी वेळ पुन्हा पाच पंधरा, पडल्यापडल्या ठोके एकसष्ट आणि चौसष्ट, उभं राहिल्यावर नव्वदीच्या वर. लाट होती, पण दमलेल्या माणसाच्या पावलांसारखी आखूड.

"हे दोन दिवस तिचे," बाई म्हणाल्या. "ह्या दोन दिवशी गोल कुठला होता?"

पहिल्या दिवशी पिवळा, दुसऱ्या दिवशी लाल. पण दोन्ही नोंदींपुढे सरांच्या हाताने शेरा होता, 'पट्टा सैल'. आणि खाली पूर्ण सरावाची सही.

बाई सरांच्या घरी गेल्या. सर दार उघडून बाजूला झाले, बसा म्हणायचंही त्यांना सुचलं नाही. बाईंनी चौकशी करता करता मनगट धरलं. अठ्ठ्याऐंशी. हा पट्टा ह्यांनी बांधला असता तर पडद्याला आग लागली असती. सरांनी काही लपवलं नाही. आधी दोन आठवडे हिरवा, नंतर पुन्हा हिरवा, मध्येच दोन दिवस लाल-पिवळा, मग त्यांना वाटलं पट्टाच नीट बसला नसेल. मुलीला विचारलं होतं का? विचारलं होतं. ती म्हणाली, मला बरं वाटतंय सर. ते ऐकायचंच होतं, म्हणून ऐकलं.

शिडी हॉस्टेलच्या पायरीवर एकटीच बसली होती. कालपासून तिच्या टेबलावर कुणी जेवायला बसलं नव्हतं. मनगट हातात देताना तिने विचारलंही नाही की कशासाठी. अठ्ठेचाळीस, आणि श्वासाबरोबर बोटांखाली हलणारी ती लाट. शिवाय हॉस्टेलचं दार पाचला उघडायचं. चार पस्तीसला तिला भिंगरीच्या घरी जाताच आलं नसतं. बाईंनी मनातल्या मनात तिचं नाव खोडलं आणि तिला तसं सांगूनही टाकलं.

मग शिडी बोलायला लागली. भिंगरी महिनाभर खोकत होती, पायऱ्या चढताना कठडा धरत होती. तरी रोज येऊन आधी पडदा बघायची आणि हिरवा दिसला की हसायची. एकदाच दोन दिवस हसली नाही. त्या दिवसांत तिचे बाबा घरी नव्हते, आत्याच्या डोळ्याच्या ऑपरेशनला गेले होते.

"ती पडली तेव्हा मी थांबले," शिडी म्हणाली. "लोक म्हणतात, नाटक केलं. मला जिंकायचं होतं मावशी, पण धावून जिंकायचं होतं."

बाईंनी दोन दिवसांच्या तारखा विचारल्या. शिडीने आठवून सांगितल्या. त्या पिवळ्या आणि लाल गोलाच्याच होत्या.

४

रुग्णालयात भिंगरी उशीला टेकून बसली होती. छातीला तारा, बाजूला यंत्र. बाईंची नजर आधी यंत्राकडे गेली आणि मग मुलीकडे. वय एकोणीस, चेहरा पंधराचा.

"पट्टा रोज मीच बांधत होते," ती आपणहून म्हणाली. "बाबांना काही विचारू नका. त्यांना ह्यातलं काही कळत नाही."

बाबांचं नाव बाईंनी काढलंच नव्हतं.

त्यांनी तिला जास्त बोलू दिलं नाही. पांघरूण नीट केलं आणि ट्रॅकमागच्या वस्तीत गेल्या. बापलेकीचं बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. भिंगरीची आई ती सहा वर्षांची असतानाच गेली होती. दाराला कुलूप होतं. बाई जिन्यातच थांबल्या. थोड्या वेळाने बाबा आले, एका हातात मुलीच्या धुवायच्या कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात रिकामा थर्मास. साठीचे, रुंद खांद्यांचे. जन्मभर शहराची बस चालवलेली, त्यामुळे बसतानाही पाठ ताठ. तीन मजले चढून आल्याने धाप लागली होती.

कुलूप काढून त्यांनी बाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं. मुलीची तब्येत ऐकता ऐकता बाईंनी त्यांचं मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिल्या.

छप्पन्न.

तीन मजले चढून आलेल्या, धाप लागलेल्या साठीच्या माणसाचे ठोके नव्वद असतात, शंभर असतात. छप्पन्न नसतात. बोटांखाली एक ठोका घाईने आला, मग जागा रिकामी गेली. बाईंना उगाचच वाटलं, हात सोडून द्यावा आणि निघून जावं. आलेखात दोष सापडला की आजवर त्यांना एक प्रकारचं समाधान वाटायचं. आज वाटलं नाही.

"ठोके आवरायच्या गोळ्या किती वर्षं घेताय?" त्यांनी विचारलं.

बाबांनी दचकून हात मागे घेतला. मग पुन्हा पुढे केला. चार वर्षं, ते म्हणाले. हृदयाचा झटका येऊन गेला म्हणून बसवरून उतरवलं होतं. उतरवलं तरी शरीर ऐकत नव्हतं, पहिली बस काढायची असल्यासारखे रोज साडेचारला डोळे उघडायचे.

"म्हणून पट्ट्याची वेळ चार पस्तीस."

खाली कुणीतरी दुकानाचं शटर वर ढकललं.

"मी केलं," ते म्हणाले. "तिचा काही संबंध नाही. ती झोपेत असायची."

मग त्यांनी सगळं सांगितलं. तीन आठवड्यांपूर्वी एका पहाटे भिंगरीला झोप लागली होती, रात्रभर खोकून उशिरा. पाचला उठून पट्टा बांधायचा, पडायचं, उभं राहायचं, मग झोप कसली येते परत. त्यांना वाटलं, पोरीला अर्धा तास मिळू दे. ठोके ते ठोके. आपल्याला डॉक्टर म्हणतात तुमची नाडी अगदी खेळाडूसारखी चालते. त्यांनी पट्टा स्वतःच्या छातीवर बांधला. हिरवा गोल आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधला.

"तिला विश्रांती मिळावी म्हणून केलं हो मी," ते म्हणाले. "दुसरं काही मनात नव्हतं."

"पहिल्या दिवशी नव्हतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही बहिणीकडे गेलात तेव्हा पोरीने स्वतः पट्टा बांधला. लाल गोल आला. तुम्ही परत आल्यावर तिने तुम्हाला सांगितलं असणारच. त्यानंतरच्या दिवशीचं बोला."

बाबांनी थर्मास हातात घेतला, उघडला, बंद केला.

"ती रडली. म्हणाली, पुन्हा लाल दिसला तर सर बसवतील, चाचणी जाईल, चार वर्षं पाण्यात जातील. म्हणाली, बाबा, तुम्हीच बांधा." त्यांनी खाली बघितलं. "मी तिला म्हणायला हवं होतं, पोरी, डॉक्टरकडे चल. मी पट्टा बांधला."

तिकडे लेक म्हणत होती मी एकटीने केलं, इकडे बाप म्हणत होता मी एकट्याने. एकमेकांना वाचवायला दोघं अर्धंअर्धं सांगत होती. दोन्ही अर्धी जोडली की तीन आठवडे पुरे होत होते.

५

समितीपुढे बोलायला बाईंना पाऊण तास लागला. टेबलावर त्यांनी तीन पानं ठेवली. एक भिंगरीचं जुनं, लाटांचं. एक सपाट, चुकार ठोक्याचं. आणि एक कबुलीनंतर काढलेला बाबांच्या हृदयाचा आलेख, जो त्यांनी आपणहून काढू दिला होता. दुसरं आणि तिसरं पान शेजारी ठेवल्यावर फार समजवावं लागलं नाही. समितीतल्या एका गृहस्थांनी म्हटलं, म्हणजे कोच निर्दोष आणि बाप दोषी, असं लिहू या. सोपं होतं.

सर मागच्या खुर्चीवर बसले होते. ते उठले.

"तसं लिहू नका," ते म्हणाले. "एकोणीस दिवस खोटे आकडे आले, ते मला कळायला मार्ग नव्हता. पण दोन दिवस खरे आले होते. एकसष्ट आणि चौसष्ट. ते माझ्या हाताने मी खोडले, कारण मला दुसरे आवडत होते."

समितीने तसं लिहून घेतलं. शिडीवर कसलाही संशय नाही, हे मात्र बाईंनी अहवालात स्वतंत्र वाक्यात लिहायला लावलं आणि दालनात वाचून दाखवायला लावलं.

बाहेर बाकावर बाबा बसले होते. सर त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. बाबांना वाटलं आता हा माणूस हात उगारणार, आणि उगारला तर चालेल असंही त्यांना वाटलं, हे त्यांनीच नंतर बाईंना सांगितलं. सर शेजारी बसले. आज काय खाल्लं तिने, त्यांनी विचारलं. अर्धी वाटी भात, बाबा म्हणाले.

सरांना तीन महिने मैदानापासून दूर राहावं लागलं. शिडी चाचणीत पहिली आली, पण धावून झाल्यावर पदक गळ्यात तसंच ठेवून आधी रुग्णालयात गेली. खोलीत काय बोलणं झालं ते दोघींनी कुणाला सांगितलं नाही. पट्ट्याची पद्धत केंद्राने चालू ठेवली, फक्त रंगांचा पडदा काढून टाकला. आता रोज सकाळी सर प्रत्येकाला समोर बसवून विचारतात, झोप कशी झाली, पाय कसे आहेत, आणि मगच आकडे बघतात. आलेखबाई आठवड्यातून दोनदा येऊन पानं तपासतात. मानधन नको म्हणाल्या. खिडकीपाशी चांगली खुर्ची तेवढी मागितली.

भिंगरीच्या हृदयाची सूज चौथ्या महिन्यात उतरली. सहाव्या महिन्यात डॉक्टरांनी चालायला सांगितलं, आठव्या महिन्यात हळू धावायला. पहिल्या दिवशी ती ट्रॅकवर आली तेव्हा सगळे आपापली कामं करत असल्याचं दाखवत होते आणि सगळे तिच्याकडेच बघत होते. बाबा कठड्यामागे उभे होते. सरांच्या हातात घड्याळ होतं, पण ते त्यांनी चालू केलं नव्हतं.

ती धावायला लागली. पाय तेच होते, हलके, जमिनीला लागतात न लागतात असे. पहिलं वळण गेलं, सरळ भाग गेला. दुसऱ्या वळणाच्या तोंडाशी तिचा श्वास चढला. पूर्वीची भिंगरी असती तर दातओठ खाऊन फेरी पुरी केली असती.

ती थांबली. कुणी हाक मारली नव्हती. कमरेवर हात ठेवून तिने दोन-तीन श्वास घेतले, आणि उरलेली अर्धी फेरी सगळ्यांदेखत, सावकाश, चालत पुरी केली.